तीस रुपयांचा कारकून

१९०४ साली कुंभकोणम येथील शाळेच्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी एका विद्यार्थ्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. गणितात या मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले तरी ते अपुरेच ठरतील, अशा आशयाचे ते उद्गार होते. हा विद्यार्थी म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

त्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून रामानुजन तेथील शासकीय महाविद्यालयात दाखल झाले. गणिताबरोबर इंग्रजी, इतिहास, शरीरशास्त्र हे विषयही अनिवार्य होते. रामानुजनांचे चित्त मात्र कार यांच्या सूत्रसंग्रहात गुंतलेले. त्यात हजारो सूत्रे होती, पण सिद्धता फारशा नव्हत्या. त्या स्वतः शोधण्याचा त्यांना ध्यास लागला. परिणामी इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात गेल्यावरही एफ.ए.च्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. परीक्षकांनी अन्याय केला, असे म्हणता येणार नाही. अशा विद्यार्थ्यासाठी नियमांतच जागा नव्हती. कागद महाग, म्हणून रामानुजन पाटीवर गणित मांडत, कोपराने पुसत आणि उत्तर तेवढे वहीत उतरवीत.

१ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात दरमहा तीस रुपयांवर ते कारकून झाले. येथे मात्र दैव अनुकूल होते. त्यांचे वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. संध्याकाळी दोघे पाट्या घेऊन बसत. रामानुजनांनी मधल्या पायऱ्याही लिहाव्यात, असा अय्यरांचा आग्रह असे. अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीही या कारकुनाला पाठबळ दिले. असे वरिष्ठ सर्वांच्याच वाट्याला येत नाहीत!

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजनांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले. आपल्याकडे विद्यापीठाची पदवी नाही, हे त्यांनी त्यात लपविले नाही. हार्डींनी त्यांचे मोल ओळखले. तरीही मद्रास विद्यापीठापुढे पेच होताच, कारण संशोधनवृत्ती पदवीधरांसाठी होती. संशोधनाला चालना देणे हा विद्यापीठाच्या कायद्यातच सांगितलेला हेतू आहे, असा युक्तिवाद झाला आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांची वृत्ती मंजूर झाली.

१९१४ साली रामानुजन इंग्लंडला गेले. १९१६ साली केंब्रिजने संशोधनाच्या आधारे त्यांना बी.ए. पदवी दिली, १९१८ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. एफ.ए. परीक्षा मात्र ते कधीच उत्तीर्ण झाले नाहीत.