डाउन सिंड्रोम आणि जीवनगुणवत्ता : प्रश्न कोणाला विचारावा?

प्रस्तावना

आयुर्वेदाची व्याख्या करताना चरकसंहितेने हितायु, अहितायु, सुखायु व दुःखायु असा चतुर्विध विचार मांडला आणि त्यासोबत आयुष्याच्या मानाचाही अंतर्भाव केला. सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायातील सुखायूच्या वर्णनात शारीर व मानस रोगांचा अभाव तर आहेच. परंतु इंद्रियांचे बल, हाती घेतलेली कामे तडीस जाणे आणि इच्छेनुसार हिंडता-फिरता येणे हेही आहे. सुश्रुताचार्यांच्या स्वस्थलक्षणातही दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या साम्याबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता अपेक्षिलेली आहे. आरोग्य केवळ व्याधीच्या अभावाने ठरत नाही, ही गोष्ट आपणा वैद्यांना नवीन नाही. ते मोजावे कसे, हा प्रश्न मात्र आपण फारसा मनावर घेतलेला नाही.

जेथे व्याधीचे मूळच दूर करता येत नाही, तेथे हा प्रश्न टाळता येत नाही. डाउन सिंड्रोम ही अशीच अवस्था. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये तिचे वर्णन केले आणि १९५९ मध्ये जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत हे तिचे कारण दाखवून दिले. चरकांनी शारीरस्थानात सांगितलेल्या बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या विकृतीच्या विचाराशी याची सांगड घातली जाते. सांगड कशीही घातली तरी कोणताही कल्प ते जादा गुणसूत्र काढून टाकू शकत नाही. मग आपल्या चिकित्सेचे यश कशावरून ठरवायचे?

आमची एक चूक

उरण तालुक्यातील एका कोळीवाड्यातून चौदा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे चिकित्सेसाठी येत असे. मलावष्टंभ, वारंवार प्रतिश्याय आणि आळस या तक्रारी होत्या. आम्ही कफप्रधान अवस्था मानून दीपन-पाचन व मेध्य कल्प दिले. दर भेटीत विचारपूस केली ती आईची. "आता शांत असते, काही त्रास देत नाही," असे ती सांगे आणि आम्ही केसपेपरवर 'उपशय' अशी नोंद करीत असू. असे जवळजवळ वर्षभर चालले.

पुढे जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावल्यांचा अभ्यास करीत असताना आम्ही तीन चेहऱ्यांचे चित्र त्या मुलीसमोर ठेवले : हसरा, मधला आणि रडवेला. चालणे, धावणे, थकवा यांविषयीच्या प्रश्नांना तिने एकामागून एक रडवेल्या चेहऱ्यावर बोट ठेवले. आई चकित झाली. आम्ही त्याहून अधिक. दुसऱ्याच दिवशी रक्ततपासणी करविली, तेव्हा टीएसएच बरेच वाढलेले आढळले. आम्ही ज्याला 'शांत' म्हणत होतो, तो अवटुग्रंथीच्या मंदतेचा थकवा होता. डाउन सिंड्रोममध्ये हा विकार सामान्य मुलांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो व त्याची तपासणी दरवर्षी करावयाची असते, हे आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. दर्शन व स्पर्शन आम्ही केले होते. प्रश्नपरीक्षा मात्र चुकीच्या व्यक्तीची केली होती.

मोजमापाची साधने

जागतिक आरोग्य संघटनेच्या विचारानुसार जीवनगुणवत्ता म्हणजे व्यक्ती ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत राहते, तीत स्वतःच्या ध्येय-अपेक्षांच्या संदर्भात आपल्या स्थितीविषयी तिला स्वतःला काय वाटते ते. 'जीवनमान' या शब्दाने आपल्याकडे उत्पन्न व राहणी सूचित होते, म्हणून आम्ही तो शब्द येथे टाळला आहे.

प्रौढांसाठी या संघटनेची २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली आहे. शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध व परिसर अशी तिची चार अंगे असून मागील दोन आठवड्यांचा अनुभव विचारला जातो. मुलांसाठी 'पेड्स-क्यूएल' ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत २३ प्रश्न आहेत : शारीरिक ८, भावनिक ५, सामाजिक ५ व शालेय ५. मागील एका महिन्यात अमुक गोष्टीची किती अडचण वाटली, असे विचारले जाते. मुलाने स्वतः उत्तरे द्यावयाची प्रत ५ ते १८ वर्षांसाठी, तर पालकांची प्रत २ ते १८ वर्षांसाठी आहे. ५ ते ७ वर्षांच्या मुलांना प्रश्न वाचून दाखवितात व उत्तर तीन चेहऱ्यांवरून घेतात. ही साधने स्वामित्वहक्काने संरक्षित असल्याने अधिकृत भाषांतर परवानगीनेच वापरावे. घरगुती भाषांतरावर गुण काढू नयेत.

गुणांकन सोपे आहे. तीन चेहऱ्यांच्या प्रतीत 'मुळीच अडचण नाही' यास १००, 'कधी कधी' यास ५० व 'पुष्कळ' यास ० गुण. समजा, शारीरिक अंगाच्या आठ प्रश्नांपैकी दोनांस १००, तिघांस ५० व तिघांस ० मिळाले, तर बेरीज ३५० व सरासरी सुमारे ४४ येते. गुण जितके अधिक, तितकी गुणवत्ता चांगली. निम्म्याहून अधिक प्रश्न अनुत्तरित असल्यास त्या अंगाचे गुण काढीत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीस लहान मुलांची प्रत दिल्यास तिचे गुण समवयस्कांशी ताडून पाहता येत नाहीत. तिची आधीची व नंतरची स्थिती मात्र ताडता येते, आणि चिकित्सकाला मुख्यत्वे तीच हवी असते.

दोन उत्तरांतील अंतर

पालकांचे उत्तर खोटे नसते; ते पालकांच्या जागेवरून दिसलेले असते. नेदरलँड्समधील आठ वर्षांच्या मुलांविषयीच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांच्या उत्तरांनुसार स्थूल हालचाली, स्वावलंबन, सामाजिक व बौद्धिक कार्य या अंगांचे गुण कमी आले. शारीरिक तक्रारी व भावना यांत मात्र इतर मुलांपेक्षा फरक आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रायन स्कॉट्को व सहकाऱ्यांनी १२ वर्षांवरील २८४ डाउन सिंड्रोमधारक व्यक्तींनाच प्रश्न विचारले. त्यांपैकी जवळजवळ ९९ टक्क्यांनी आपण आपल्या आयुष्यात सुखी असल्याचे सांगितले. पाहणीस उत्तर देणारी कुटुंबे बहुधा संघटनांशी जोडलेली असतात, हे लक्षात ठेवूनही हा आकडा आपल्या सहानुभूतीला विचार करावयास लावणारा आहे. आम्ही ज्यास दुःखायु समजतो, तो त्यास तसे समजत नसेल. आणि आम्ही ज्यास 'शांत' म्हणतो, तो थकलेला असेल.

विचारण्याची रीत

१. पालकांची व मुलाची प्रत वेगवेगळी भरून घ्यावी; शक्यतो त्या वेळी दोघे एकत्र नसावेत.

२. आरंभी दोन-तीन ओळखीचे प्रश्न विचारून मुलास चेहऱ्यांचा अर्थ कळला आहे की नाही ते पाहावे. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीस 'हो' म्हणण्याची प्रवृत्ती असल्यास तोच प्रश्न उलट करून विचारावा व विसंगत उत्तरे तशीच नोंदवावीत.

३. अधिकृत प्रतीतील शब्द बदलू नयेत. स्पष्टीकरण मात्र परिसरातील द्यावे. उरणमध्ये चालण्याचे अंतर 'बाजारातून एसटी स्थानकापर्यंत' आणि घरकाम 'आईबरोबर सुकट निवडायला बसणे' असे सांगितले की उत्तर लगेच येते.

४. श्रवण कमी असेल तर सर्वच उत्तरे फसवी ठरतात. म्हणून श्रवण व दृष्टी यांची तपासणी आधी करून घ्यावी.

५. पहिली नोंद चिकित्सेपूर्वी व पुढील नोंद तीन महिन्यांनी त्याच पद्धतीने करावी. मधल्या काळात आणखी कोणते उपचार सुरू झाले तेही लिहावे. अन्यथा सुधारणेचे श्रेय आपण अकारण आपल्या कल्पास देऊ.

गुण कोठे हलले नाहीत

त्या मुलीस बालरोगतज्ज्ञांनी थायरॉक्सिन सुरू केले. तीन महिन्यांनंतर थकव्याच्या प्रश्नाला तिचे बोट हसऱ्या चेहऱ्याकडे गेले. परंतु 'इतर मुले तुला खेळायला घेतात का' या आशयाच्या प्रश्नाला ते पूर्वीच्याच जागी राहिले. हे अंग औषधाने हलत नाही. त्यासाठी शाळा, शेजार व काम लागते. बेलापूरमध्ये २०१६ साली डाउन सिंड्रोम असलेल्या एका तरुणीने पालकांच्या पाठबळावर स्वतःचे उपाहारगृह सुरू केले होते. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आल्यापासून नवी मुंबईतील विशेष शिक्षण व उपचारांच्या सोयी येथील कुटुंबांना पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा देते. या गोष्टी सांगणे हेही चिकित्सेचेच अंग होय.

वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या (१९४५) अनुसूची 'जे'मध्ये आनुवंशिक विकार, बौद्धिक वाढीतील न्यूनता आणि स्मरणशक्ती-बुद्धिवर्धन यांचा समावेश आहे. औषधाने हे विकार बरे होतील असा दावा करावयाचा नाही. 'बुद्धी वाढवणारे काही द्या' असे म्हणणाऱ्या पालकांना दुकानात हे सौम्यपणे सांगावे. थायरॉक्सिन चालू असल्यास ते परस्पर बंद करू नये. लोह व मंडूर यांचे कल्प, तसेच शंख, कपर्दिक, प्रवाळ यांची भस्मे त्यापासून किमान चार तासांच्या अंतराने द्यावीत, कारण लोह व चुना यांमुळे त्याचे शोषण घटते. या मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. म्हणून अभ्यंग, नस्य वा योगासने करविताना मानेस झटका देऊ नये व शीर्षासन टाळावे.

समारोप

आम्ही आता अशा प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर दोन रकाने आखतो : 'पालक म्हणतात' आणि 'रुग्ण म्हणतो'. दुसरा रकाना भरावयास वीस मिनिटे लागतात. वर्षभर तो रिकामा ठेवण्याची किंमत एका मुलीने मोजली आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या चिकित्सालयात हा दुसरा रकाना आखावा, एवढीच विनंती.