बुद्ध्यांकाचा अहवाल हातात आल्यावर

दहावीचा निकाल लागला की समुपदेशन केंद्रांत गर्दी होते. सायन्स की कॉमर्स, याचं उत्तर चाचणीतून मिळेल अशी पालकांची आशा असते. मग अहवालात बुद्ध्यांक ९४ दिसला की आईचा चेहरा उतरतो आणि ११८ दिसला की बाबा जेईईच्या क्लासची फी विचारायला निघतात. दोघांनीही जरा थांबायला हवं.

बुद्ध्यांक ही एक तुलना असते. चाचणी तयार करताना ती आधी ठरावीक वयाच्या बऱ्याच मुलांना देतात. त्यांच्या सरासरीला १०० मानतात आणि तुमचं मूल त्यापासून किती पुढे किंवा मागे आहे ते सांगतात. ८५ ते ११५ या पट्ट्यात दर तीन मुलांपैकी साधारण दोन येतात. म्हणजे ९४ हा आकडा सरासरीतलाच. शिवाय उत्तम चाचणीतही चार-पाच गुण इकडेतिकडे होतात. ९४वाला धाकटा आणि ९८वाली थोरली यांच्यात हुशार कोण, हे त्यावरून ठरत नाही.

तुलना कोणाशी?

आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली ती शाळेत जादा मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठी. तिच्यावरून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या मुलांसाठी मराठी आणि कन्नड चाचणी बेतली. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. ही बिने-कामत चाचणी आपल्याकडे आजही वापरली जाते. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी वेक्सलर यांच्या अमेरिकी चाचणीचं भारतीय रूप १९६९ मध्ये आणलं, तेही अजून वापरात आहे.

या चाचण्यांमागचं काम मोठं आहे, पण त्यांची मूळ मानकं जुनी आहेत. विसाव्या शतकात अनेक देशांत मुलांचे गुण दर दशकाला सुमारे ३ने वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं. त्यामुळे जुन्या मानकांवर आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसू शकतं. नवी भारतीय मानकं असलेल्या चाचणीत त्याच मुलाचा आकडा खाली आला तर घाबरू नका. मूल तेच आहे, तुलनेचा गट बदललेला आहे.

चाचणी कोणत्या भाषेत?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना ‘मंदबुद्धी’ वर्गात बसवलं गेलं होतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९७० मध्ये तडजोड झाली: यापुढे मुलाच्या घरच्या भाषेतही चाचणी घ्यायची. आपल्याकडे घरी गोंडी, कोरकू, पावरी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला मराठी चाचणीसुद्धा परक्या भाषेतली असते. मराठी माध्यमातल्या मुलीला शहरातल्या केंद्रात इंग्रजी प्रश्नपत्रिका दिली, तर तिच्या बुद्धीबरोबर तिचं इंग्रजीही मोजलं जातं.

मग नुसत्या आकृत्यांची चाचणी द्यावी का? भाषेचा अडसर त्याने कमी होतो, पण शाळेचा प्रभाव पुसला जात नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात शिक्षणाच्या एकेका जादा वर्षाने बुद्ध्यांक १ ते ५ गुणांनी वाढतो, असं आढळलं. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर ज्या मुलाची शाळा दर हंगामात सुटते, त्याच्या गुणांत ती सुटलेली शाळाही येते.

चाचणी पक्षपाती असते का?

तज्ज्ञ हे मुख्यतः दोन प्रकारे तपासतात. एकूण गुण सारखे असलेल्या दोन गटांतल्या मुलांपैकी एकाच गटाची मुलं एखाद्या प्रश्नावर सतत अडत असतील, तर तो प्रश्न संशयास्पद ठरतो. दुसरं, सारख्याच गुणांच्या मुलांची पुढची शैक्षणिक प्रगती दोन्ही गटांत सारखीच निघते का, हे पाहतात.

अमेरिकेत या वादात दोन न्यायालयांनी उलटसुलट निकाल दिले. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश पेकहॅम यांनी १९७९ मध्ये कृष्णवर्णीय मुलांना ‘मंदबुद्धी’ वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यांक चाचणी वापरायला मनाई केली. पुढच्याच वर्षी शिकागोचे न्यायाधीश ग्रेडी यांनी चाचणीतला एकेक प्रश्न तपासला आणि आक्षेपार्ह असे मोजकेच सापडल्याचं सांगितलं. पालकांनी यातून घ्यायचा तो धडा असा, की प्रश्नांत खोट नसली तरी चाचणीचा वापर अन्यायाचा होऊ शकतो.

आपल्याकडच्या नवोदय प्रवेश परीक्षेत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमतेच्या प्रश्नांना असतात. मात्र किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखून ठेवलेल्या असतात. खेड्यातल्या शाळेतलं मूल आणि शहरात क्लास लावलेलं मूल एकाच रांगेत उभं राहू नये, याची ही सोय. शिष्यवृत्ती किंवा एनएमएमएस परीक्षेतले बुद्धिमत्तेचे प्रश्नही सरावाने सुटू लागतात. तिथे मागे पडणं म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे.

शाखा निवडताना काय करावं?

अध्ययन अक्षमतेची शंका असेल, मुलाला शाळेत खास मदत हवी असेल किंवा सवलतीचं प्रमाणपत्र लागणार असेल, तर बुद्ध्यांक चाचणी जरूर करा. ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्या. शाखा निवडण्यासाठी मात्र एकटा बुद्ध्यांक पुरत नाही. त्यासाठी अभिक्षमता चाचणी, आवडींची चाचणी, तीन-चार वर्षांचे विषयवार गुण आणि मुलाचं स्वतःचं म्हणणं, हे सगळं एकत्र बघावं लागतं. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या महागड्या ‘चाचण्यां’ना शास्त्रीय आधार नाही. ते पैसे वाचवा.

चाचणीआधी समुपदेशकाला हे विचारा:

• चाचणीचं नाव काय, मानकं कोणत्या वर्षीची आणि कोणत्या मुलांवरची?
• चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत मिळेल का?
• अहवालात एकाच आकड्याऐवजी पट्टा आणि उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण द्याल का?
• या निकालावरून कोणता निर्णय घ्यायचा आणि कोणता घ्यायचा नाही?

उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरं केंद्र शोधा. आणि विद्यार्थ्यांनो, चाचणीच्या आदल्या रात्री नीट झोपा, काही कळलं नाही तर ते चाचणी सुरू होण्यापूर्वीच्या सूचनांच्या वेळी विचारा आणि अहवाल आईबाबांबरोबर स्वतः वाचा. त्यातली कोणती गोष्ट पटली आणि कोणती नाही, ते समुपदेशकासमोर बोला. शाखा तुम्हाला घ्यायची आहे, तेव्हा त्या चर्चेत तुमचा आवाज हवाच.