अभ्यासवर्ग : पुढे पाठवलेला शब्द कुणाचा?



या महिन्यात आपण गीतेच्या १७व्या अध्यायातलं वाणीचं तप अभ्यासाला घेतलंय. ऐकणाऱ्याच्या मनाला त्रास न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असं बोलणं, असा त्याचा साधा अर्थ. यावर वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "अहो, मी कुठे काय बोलले? आलेलं नुसतं फॉरवर्ड केलं." प्रश्न खरा आहे. आपलं निम्मं बोलणं आता मोबाईलवरच होतं, आणि त्यातलंही निम्मं दुसऱ्याने लिहिलेलं असतं. आम्ही एकत्र बसून यावर बराच विचार केला. आमचं उत्तर असं, की ते आपलंच बोलणं. असं का म्हणतो, ते २०१८ साली जे घडलं त्यावरून सांगतो.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, गावचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. पण मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज त्या भागात फिरत होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, तेवढं निमित्त पुरलं. जमावाने मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि आत घुसून पाचही जणांचा जीव घेतला.

जरा थांबून विचार करा. गोसावी दारी आला की आपल्या आज्या सूपभर धान्य घेऊन बाहेर यायच्या. इथे संक्रांतीला गंगिरेद्दूवाला नंदी सजवून आणतो, हरिदासू डोक्यावर भांडं घेऊन येतो, आपण हात जोडून तांदूळ घालतो. असाच दारोदार फिरणारा माणूस मोबाईलवरच्या चार ओळींनी चोर ठरला.

हे फक्त तिकडेच झालं असं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याच शहरात, चारमिनारच्या पलीकडे चंद्रायणगुट्ट्यात, भिक्षा मागायला आलेल्या एका तृतीयपंथी व्यक्तीला याच संशयावरून जमावाने ठार केलं. तेव्हा तेलुगूत फिरणाऱ्या मेसेजमध्ये 'पार्थी गँग' असं नाव होतं. पार्थी म्हणजे पारधी, आपल्या महाराष्ट्रातलीही भटकी जमात. इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या लोकांचं नाव इतक्या वर्षांनी परत मोबाईलवर गुन्हेगार म्हणून फिरलं.

आणि त्या मेसेजसोबत पुरावा म्हणून काय होतं? एक व्हिडिओ खूप चालला होता. मोटरसायकलवरून दोघं येतात, खेळत्या मुलाला उचलतात आणि पळतात. मूळ व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम अभिनय करून बनवला होता. त्याच्या शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. कापणारा एकच असेल. पण त्या व्हिडिओला बळ दिलं ते पुढे पाठवणाऱ्यांनी.

कसं, ते बघा. अनोळखी माणसाचा मेसेज आला तर आपण दोनदा विचार करतो. तोच मावशीने पाठवला की आपण "मावशी सांगतेय" म्हणून वाचतो. लिहिणारा कोण, हे कुणी विचारतच नाही. म्हणजे प्रत्येक जण मेसेजसोबत आपला शब्दही देत असतो, वर्षानुवर्षं मिळवलेला. सत्संगातल्या माणसाचा शब्द तर लोक जास्तच धरतात, म्हणून आपली जबाबदारीही जास्त.

राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावत, म्हणजे पाच ग्रुप धरले तरी एका बोटाने १२८० जण! पुढे खूप फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसू लागले आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. (अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल, असं म्हणणाऱ्यांची तेवढी पंचाईत झाली. देवाच्या नावाने धाक घालणारे मेसेज आपल्या ग्रुपवर नकोतच.)

पण मर्यादेपेक्षा आम्हाला जास्त आवडलं ते जोगुळांबा गद्वालचं काम. आलमपूरच्या जोगुळांबेचा हा जिल्हा. तिथल्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांच्या लक्षात आलं, की भर उन्हाळ्यातही लोक भीतीने बाहेर झोपेनासे झालेत. त्यांनी पोलिसांना गावोगाव पाठवलं, लोकांचे मेसेज त्यांच्याशेजारी बसून वाचायला लावले, डप्पू वाजवून लोकगीतांतून खरं काय ते सांगितलं. त्यांच्या ताब्यातल्या ४०० हून जास्त गावांत या अफवेने एकही बळी गेला नाही. त्यांनी कुणाला मूर्ख म्हटलं नाही, ही यातली मोठी गोष्ट.

आपल्या घरच्या ग्रुपवर नेमकं हेच अवघड जातं. सासऱ्यांनी किंवा मोठ्या काकांनी काही चुकीचं टाकलं, तर सुनेने चाळीस जणांसमोर "हे खोटं आहे" कसं लिहायचं? लिहूच नये. लगेच फोन करावा. "बाबा, तो व्हिडिओ कुठून आला हो? शेवट कापलेला वाटतोय," असं विचारावं, आणि दुरुस्ती त्यांच्याच हातून ग्रुपवर टाकून घ्यावी. मोठ्यांचा मान राहतो आणि त्यांचं लोक ऐकतातही. नुसतं डिलीट करून भागत नाही बरं का, कारण तोवर ज्यांनी पुढे पाठवलं त्यांच्याकडे ते तसंच फिरत राहतं. मात्र कुणाच्या जिवाला धोका होईल असा मेसेज असेल, तर फोन लागेपर्यंतही थांबू नका. "खात्री होईपर्यंत कृपया कुणी पुढे पाठवू नये" एवढं नम्रपणे लिहायला नात्याची आडकाठी नाही.

पुढच्या गुरुवारी वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या फॅमिली ग्रुपवरचा दोन बाणांचा एक मेसेज मोबाईलमध्ये ठेवून आणावा. पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. तो कधीचा, कुठला, मुळात कुणाचा, हे सगळे मिळून तिथेच शोधू. चष्मा आणि चार्जर विसरू नका.