वृद्धसेवा : शिकून घ्यावी लागणारी विद्या

आपल्या समाजात वृद्धांविषयी बोलण्याची वेळ बहुधा दोनदाच येते. एकदा वृद्धाश्रमाची बातमी वाचल्यावर आणि एकदा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात. दोन्ही वेळा वक्ते मुलांच्या कृतघ्नतेवर बोलतात, श्रोते माना डोलावतात आणि भोजनदान उरकून सर्वजण आपापल्या घरी जातात. मुले कृतघ्न असतात, नाही असे नाही. परंतु ज्या घरातील मुलगा-सून जीव लावून म्हातारीचे करतात त्या घरातही तिच्या पाठीला जखमा होतात, तीही न्हाणीत घसरून पडते, तिचेही एकाएकी असंबद्ध बोलणे 'वय झाले' म्हणून सोडून दिले जाते. हे कृतघ्नतेमुळे घडत नाही. कसे करावे हे त्या सुनेला कोणी शिकविलेलेच नसते. या लेखात विचार करावयाचा आहे तो या शिकविण्याचा.

आपला धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजारांवर होती. साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण त्या वेळी महाराष्ट्रात शेकडा ९.९ होते. तेच प्रमाण आपल्या जिल्ह्याला लावले तर १ लाख ६० हजारांच्या आसपास वृद्ध तेव्हाच येथे होते. आणि ते कोणाच्या आधाराने राहतात? भूम, वाशी, कळंब, परंडा या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो, म्हणून सूनही जाते. शिकलेली मुले पुण्याला जातात. मागे घरात राहतात ती शाळकरी नातवंडे आणि त्यांचे आजी-आजोबा. कोण कोणाला सांभाळतो हे सांगणे कठीण. अशा घराला 'आईवडिलांची सेवा करा' हा उपदेश ऐकवून काय उपयोग? सेवा करणारे हात पाच-सहा महिने कर्नाटकाच्या नाही तर पश्चिम महाराष्ट्राच्या फडात असतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पक्षाघाताने किंवा खुब्याचे हाड मोडल्याने माणूस अंथरुणाला खिळला की त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची हाडे येथे कातडीवर सतत भार पडतो, रक्त पोचत नाही आणि आतून मांस कुजू लागते. पहिली खूण म्हणजे लालसर किंवा काळपट डाग. बोटाने दाबून सोडल्यावरही त्याचा रंग बदलला नाही तर जखम सुरू झाली असे समजावे. आपल्याकडे अशा डागावर तेल चोळतात. चोळू नये, खालची नाजूक कातडी त्याने अधिक फाटते. डागावरचा भार काढावा. टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली घडी केलेली गोधडी ठेवावी. कपडा ओला राहू देऊ नये. यात पैशाचे काम काहीच नाही, परंतु हे माहीत नसल्यामुळे तळहाताएवढ्या जखमा झालेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

भरविण्याचेही तसेच. आडव्या माणसाच्या तोंडात चमच्याने पेज घालणे ही आपली नेहमीची पद्धत. त्यातली पेज श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया होतो. माणसाला बसते करून, हनुवटी थोडी खाली घेऊन, लहान घास द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवावे. पाण्याची गोष्ट तर अधिक सूक्ष्म आहे. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. शिवाय रात्री उठावे लागू नये, कोणाला उठवावे लागू नये, म्हणून अनेक म्हाताऱ्या संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडतात. त्यातून लघवीची जळजळ, अशक्तपणा, भोवळ आणि मग पडणे. भोवळीसाठी साधा नियम असा की झोपेतून उठल्यावर बाजेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसावे आणि मगच उभे राहावे.

सर्वात जास्त गैरसमज बुद्धीच्या बाबतीत आहे. वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाणारा विसराळूपणा निराळा आणि एक-दोन दिवसांत माणूस एकदम बरळू लागणे निराळे. पहिला स्मृतिभ्रंशाचा आजार असू शकतो. दुसऱ्याचे कारण बहुतेक वेळा शरीरात असते. कुठे तरी जंतुसंसर्ग असतो, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी झालेले असते, नवीन सुरू केलेली गोळी सोसलेली नसते. तो बरा होण्यासारखा असतो, पण त्याच दिवशी दवाखाना गाठला तर. आपल्याकडे मात्र त्या दिवशी अंगारा आणला जातो.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, हे डॉक्टर-नर्सचे काम. येथे विनयपिटकातील महावग्गाची आठवण करून द्यावीशी वाटते. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले, एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे, प्रवचनांतून तो नेहमी येतो. परंतु त्याच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. तेथे शुश्रूषा करण्यास योग्य माणूस कोणता याची पाच लक्षणे दिली आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. पथ्य कोणते व अपथ्य कोणते हे त्याला कळले पाहिजे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा केली पाहिजे. मलमूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस येता कामा नये. आणि वेळोवेळी धम्मकथा सांगून रुग्णाचे मन त्याने उभारी धरील असे केले पाहिजे. या पाचांत पहिली दोन शुद्ध ज्ञानाची आहेत, चौथे सवयीने अंगी येते, पाचवे बोलण्याचे कौशल्य आहे. निव्वळ अंतःकरणाचे असे एकच, तिसरे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही केवळ माया पुरेशी मानलेली नव्हती. आजारी माणसाचीही लक्षणे तेथे दिली आहेत. दुखणे खरे सांगत नाही, औषध घेत नाही, पथ्याचे प्रमाण पाळत नाही, अशा रुग्णाची सेवा कठीण असे म्हटले आहे. ज्यांनी घरात म्हातारे माणूस सांभाळले आहे त्यांना हे वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही.

गावातील साध्या बाईला ही विद्या शिकविता येईल का, अशी शंका घेणाऱ्याने आपल्याच परिसराकडे पाहावे. भूम-परंड्याच्या शिवेला लागून असलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यातील निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत दलित स्त्रिया पुष्कळ होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते त्यांच्या हातून गावातील बाळंतपणे होऊ लागली. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्याकडील उमरगा-लोहारा भागातील गावे जमीनदोस्त झाली. त्या काळात बाहेरून आलेली वैद्यकीय पथके परतल्यानंतर गावात कोण राहणार हा प्रश्न होताच. त्याच दशकात तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. नाव मोठे डौलदार आहे, आणि मला ते आवडते. कारण पाच-सात इयत्ता शिकलेल्या बाईला गाव 'वैद्य' म्हणू लागले की तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

ही सर्व कामे मुख्यतः माता व बालकांसाठी झाली, कारण त्या वेळी मरत होती ती बालके. आज ती जगली आहेत आणि त्यांचे आईवडील म्हातारे झाले आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ नंतर आलेल्या आशाताईंच्या कामात आता वृद्धांचाही समावेश आहे. त्यांच्यासाठी वृद्धसेवेची प्रशिक्षण पुस्तिका तयार झालेली आहे आणि घरोघर भरावयाच्या तपासणी फॉर्ममध्ये साठीवरील माणसांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना तोल जातो का, रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते का, अशा प्रकारचे. प्रश्न योग्य आहेत. पण उत्तर 'होय' आले की पुढे काय? आशाताई फॉर्म भरून पुढच्या घरी जाते. तिला मोबदला कामावर मिळतो आणि म्हाताऱ्याची कूस बदलणे हे त्या कामांच्या यादीत बसत नाही. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध विभाग आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी आहे. तेथपर्यंत जो चालत किंवा कोणाच्या गाडीवर बसून जाऊ शकतो त्याच्यापुरते हे ठीक आहे.

दुसरीकडे कौशल्य विकासाच्या योजनांतून 'जनरल ड्युटी असिस्टंट', 'होम हेल्थ एड' असे अभ्यासक्रम चालतात. दिल्लीची राष्ट्रीय समाजरक्षा संस्था वृद्धसेवेचे वर्ग घेते. हे शिक्षण चांगलेच आहे. मात्र ते घेतलेली मुलगी नोकरीसाठी पुण्या-मुंबईच्या सदनिकांत जाणार, कारण पगार देण्याची ऐपत तेथे आहे. खेड्यातील मुलगी शहरातल्या आजीला सांभाळणार आणि तिच्या स्वतःच्या आजीजवळ कोणी नाही, असा हा हिशेब होतो. घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होती. ते संमत झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबरच संपुष्टात आले.

केरळमधील कोझिकोडने निराळा मार्ग धरला. तेथे १९९३ मध्ये वेदनाशामक उपचारांचे काम सुरू झाले आणि काही वर्षांत ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती गेले. स्वयंसेवकाला सुमारे सोळा तासांचे शिक्षण आणि त्यानंतर चार दिवस अनुभवी पथकाबरोबर घरभेटी, एवढीच तयारी असते. अवघड भागासाठी परिचारिका व डॉक्टर पाठीशी असतात. सोळा तास! आपल्याकडे एका लग्नाच्या बैठकीला याहून अधिक तास जातात.

सेवा म्हणजे केवळ शरीराची नव्हे, कागदाचीही असते. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे बसल्यावर हे मी खात्रीने सांगू शकतो. ज्यांनी आयुष्यभर ऊस तोडला, दगड फोडला, सिमेंट कालविले त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात आणि यंत्र अंगठा स्वीकारीत नाही. बाई जिवंत समोर उभी असते आणि यंत्र तिला ओळखत नाही. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली, परंतु वर्षातून एकदा हयातीचा दाखला राहून गेला की तीही थांबते. सत्तर वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना कळविले आहे. जो खातेदार अंगठाही उठवू शकत नाही त्याची खूण दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देता येतात, त्यांतील एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हे विचारणारा माणूस आला तर काम होते, कोणी विचारले नाही तर म्हातारीला रिक्षात घालून आणले जाते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचेही असेच. पोटगीसाठीचे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे असते, वकील लागत नाही, आणि वृद्धाच्या वतीने त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. १४५६७ हा मदतीचा फोन क्रमांक आहे. गावातील प्रशिक्षित सेविकेला हे चार कागद माहीत असले पाहिजेत.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. मलमूत्र काढण्याचे काम पैसे देऊन करून घ्यायचे म्हटले की गावाची नजर कोणत्या वस्तीकडे वळते हे आपण जाणतो. आणि घरातल्या घरात ते सुनेकडे वळते, मुलाकडे नाही. म्हणून या वर्गात पुरुषांनीही बसले पाहिजे, आणि सर्व समाजांतील स्त्री-पुरुषांनी एकत्र शिकले पाहिजे. शिकून जी व्यक्ती नियमित काम करील तिचा रोज खुरपणीच्या रोजापेक्षा कमी नसावा. 'सेवा' हा शब्द वापरून तो बुडवू नये. पैसा ग्रामपंचायतीतून उभा राहील, वर्गणीतून, की बाहेर गेलेल्या मुलांनी दरमहा पाठविलेल्या रकमेतून, हे प्रत्येक गावाने ठरवावे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाने उचलीतून थोडी रक्कम आधीच देऊन ठेवणे मला सर्वात व्यवहार्य वाटते.

शिकविण्यास माणसे जिल्ह्यात आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धाराशिवला झाले आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र आहे, प्रत्येक उपकेंद्रात परिचारिका आहे. वेळेचाही प्रश्न नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतातच. त्या तीन महिन्यांतील आठ रविवार, दर रविवारी दोन तास, म्हणजे ते सोळा तास होतात. आणि आश्विन पौर्णिमा झाली की थोड्याच दिवसांत टोळ्यांच्या गाड्या गावातून निघतात, तोपर्यंत मागे राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाचे नाव आणि त्याच्याकडे जाणाऱ्या व्यक्तीचे नाव एका वहीत लिहून झालेले असावे.