कॉफीचे दळण

लग्नाच्या मांडवात मिळणारी फेसाळ 'एक्स्प्रेसो' तुम्ही प्यायला असालच. ते यंत्र वाफेने दूध फेसाळवते. कपात बहुधा इन्स्टंट पावडरच असते. खऱ्या एस्प्रेसोत कॉफीच्या पुडीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार दाबाने जाते. १८ ग्रॅम पुडीतून २५-३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम अर्क उतरतो.

यात खरी मेख दळणात आहे. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. त्याचेच १ मिमीचे घन केले, तर १००० तुकडे आणि पृष्ठफळ ६० चौ. सेंमी! म्हणून बारीक पूड चटकन अर्क सोडते. मिक्सरचे पाते बी फोडते. भुकटी आणि कणी एकत्र राहतात. भुकटी कडू उतरते, कणी आंबट. चांगला ग्राइंडर आजीच्या जात्यासारखा असतो : दोन पाळ्यांमधले अंतर ठरवा, तसे दळण पडते. त्यामुळे पैसे आधी ग्राइंडरवर घालावेत, असे माझे मत.

पंप नसलेली स्वस्त यंत्रे वाफेच्या जोरावर चालतात. त्यांचा दाब फार तर ३-४ बार, पाणीही जास्त तापते. (घरी चहाच होत असेल तर साधा फिल्टर पुरे, त्याला मिक्सरची पूडही चालते.) मात्र अशा यंत्राचे झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आधी वाफेची तोटी सोडून दाब उतरवा, यंत्र थंड होऊ द्या. कोंडलेली वाफ थेट तोंडावर येते.