चौकोन आणि प्रश्नचिन्ह : आज्ञाखिडकीतील देवनागरी

सुरत शहरात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तापीच्या मुखाशी असलेल्या हजिरा औद्योगिक पट्ट्यातही त्यांतील काही जण नोकरीस आहेत. घरात अहिराणी, शेजारी गुजराती, कामावर हिंदी आणि संगणकावर इंग्रजी, अशा चार भाषांतून त्यांचा दिवस जातो. हजिऱ्यातील असेच एक निवृत्त तंत्रज्ञ अहिराणी शब्दांचा संग्रह करीत आहेत. प्रत्येक शब्दाची त्यांनी स्वतंत्र फाइल केली असून तिला त्या शब्दाचेच नाव दिले आहे : आंडेर, आंडोर, बठ्ठा. या फाइलींची यादी काढण्यासाठी त्यांनी संगणकाची काळी खिडकी उघडली, तेव्हा नावांच्या जागी नुसते चौकोन दिसले. संग्रह बिघडला असे समजून सर्व नावे रोमन लिपीत बदलावीत, या विचारापर्यंत ते आले होते. त्यांनी मला विचारले, आणि त्या निमित्ताने प्रस्तुत टिपण तयार झाले.

इंग्रजीत जिला ‘कमांड प्रॉम्प्ट’ म्हणतात तिला मी आज्ञाखिडकी म्हणतो. ‘प्रॉम्प्ट’ हा शब्द मराठी नाट्यरसिकांना नवा नाही. विंगेत उभे राहून नटाला पुढचे वाक्य सुचवणारा तो प्रॉम्प्टर. संगणकाचा प्रॉम्प्टर मात्र वाक्य सुचवीत नाही; लुकलुकणारी रेघ दाखवून ‘आता तुमची पाळी’ एवढेच सांगतो. शब्द आपल्यालाच पाठ हवेत.

खिडकी उघडण्याची सोपी रीत अशी. विंडोज संगणकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ ही कळ एकत्र दाबावी. लहान चौकट उघडेल. तीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहून एंटर दाबावे. आपल्या फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत तेथेच खिडकी हवी असेल, तर तो फोल्डर उघडून त्याच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत हीच तीन अक्षरे लिहावीत व एंटर दाबावे. आता डी, आय, आर ही आज्ञा दिली की त्या फोल्डरची यादी समोर येते.

चौकोन दिसतात ते येथे. चौकोनाचा अर्थ असा की अक्षर जागेवर आहे, परंतु खिडकीने वापरलेल्या फाँटमध्ये त्याची आकृती नाही. फाइलचे नाव युनिकोडमध्ये सुरक्षित असते. देवनागरी फाँट मिळाला तरी जुन्या खिडकीत अडचण उरते, कारण तिची रचना तक्त्यासारखी आहे : प्रत्येक चिन्हाला एक घर. ‘बठ्ठा’ आपण दोन अक्षरांत वाचतो. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे पाच : ब, ठ, हलन्त, ठ, काना. जोडाक्षर सुटते, काना विलग पडतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली जाहीर केलेल्या विंडोज टर्मिनलमध्ये, फाँट अपुरा असल्यास आकृती दुसऱ्या फाँटमधून घेण्याची सोय आहे.

प्रश्नचिन्हाची गोष्ट निराळी. यादी पडद्यावर न दाखवता फाइलीत उतरवली, तर संगणक ती चालू संकेतसारणीनुसार लिहितो. त्या सारणीत देवनागरी नसेल तर प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. त्या यादीपुरते अक्षर खरोखरच हरवते. फाँट बदलून ते परत येत नाही. मूळ फाइलींची नावे मात्र तशीच राहतात.

उपाय एका ओळीचा आहे. आधी सी, एच, सी, पी ही अक्षरे, मग एक जागा सोडून ६५००१ हा अंक इंग्रजी कळफलकावरून लिहून एंटर दाबावे. हा यूटीएफ-८ या संकेतसारणीचा क्रमांक आहे. त्यानंतर डी, आय, आर, जागा, तिरपी रेघ व बी, जागा, ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह, आणि शेवटी नव्या फाइलचे नाव लिहावे. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की जोडाक्षरांसह शब्द दिसतात. यादीत खुद्द यादीच्या फाइलचेही नाव येते. ते काढून टाकावे.

हजिऱ्यातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट नोंदवतो. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आणि गुजराती ‘क’चा २७०९. फरक ३८४. ‘ख’, ‘ग’ यांतही नेमके तेवढेच अंतर आहे, कारण दोन्ही लिप्यांची मांडणी भारतीय मानक ‘इस्की’च्या समान आराखड्यावरून आली. शेजारधर्म संकेतांकांतही टिकला आहे.

बोलीचे शब्द गोळा करणाऱ्यांनी एवढा भेद लक्षात ठेवावा : चौकोन दिसला तर थांबावे, काही पुसू नये, नावे बदलू नयेत, प्रश्नचिन्ह दिसले तर यादी टाकून मूळ फाइलींवरून नवी काढावी. हजिऱ्याच्या त्या संग्राहकांची यादी आता निघाली आहे. नावे देवनागरीतच आहेत, आणि ‘बठ्ठा’ हा शब्द तीत ‘बठ्ठा’ असाच दिसतो.