नाकाच्या सीटीत डोळ्याची नस कशी?

प्रश्न : नाकातल्या पॉलिपच्या ऑपरेशनआधी, एक्स-रे झालेला असूनही, सायनसचा सीटी स्कॅन काढायला लावला. रिपोर्टमध्ये ‘ऑप्टिक नर्व्ह’ आणि ‘कॅरोटिड’ हे शब्द वाचून घरचे हबकले. तक्रार नाकाची, मग डोळ्याची नस आणि मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मध्येच कुठून आली?

उत्तर : आधीपासून तिथे त्याच होत्या, सायनस मागाहून आला!

नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी स्फेनॉइड नावाचं हाड असतं. जन्माच्या वेळी ते जवळपास भरीव असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्यात हवेची पोकळी, म्हणजेच सायनस, पसरू लागते आणि वयात येईपर्यंत वाढत राहते. या हाडाला लागूनच कॅरोटिड धमनी मेंदूकडे चढते आणि वरच्या कोपऱ्यातून डोळ्याची नस जाते. पोकळी वाढली की मधलं हाड झिजतं, पण नस आणि धमनी जागची हलत नाहीत. मग गिलाव्यातून पाइपाचा फुगवटा दिसावा तसे त्यांचे उंचवटे सायनसच्या भिंतीवर उमटतात. पोकळी कोणाची चिमुकली, कोणाची ऐसपैस, त्यामुळे हा नकाशा प्रत्येकाचा वेगळा.

एक्स-रेत पुढची-मागची हाडं एकमेकांवर पडतात. सीटीत मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ काप मिळतात आणि ते आडवे, उभे, हवे तसे पाहता येतात. शिवाय सीटीतली घनता मोजणाऱ्या हाउन्सफील्डच्या मापात पाणी शून्य, तर हवा उणे १००० आणि टणक हाड १०००च्या आसपास किंवा वर. एवढी तफावत असल्यामुळे एरवी चित्रात उठाव आणणारं औषध शिरेतून टोचावं लागत नाही. मात्र सीटीत नस स्पष्ट दिसते, हा गैरसमज. स्पष्ट दिसते ती तिची हाडाची नळी. गाठीबिठीची शंका असेल, तर एमआरआय लागतो.

सर्जन सीटीत काय शोधतात? स्फेनॉइडमधला पडदा बऱ्याचदा मधोमध नसतो. कधी तो थेट कॅरोटिडवरच्या हाडाला चिकटलेला असतो. असा पडदा चिमट्यात धरून पिरगाळला, तर धमनी फाटू शकते. दुसरी फसवी जागा म्हणजे ओनोडी कप्पा. हंगेरीच्या आडोल्फ ओनोडींचं नाव त्याला मिळालं आहे. शेजारच्या एथमॉइड सायनसचा हा शेवटचा कप्पा स्फेनॉइडच्या डोक्यावर सरकलेला असतो आणि डोळ्याची नस त्याच्याच भिंतीत सापडू शकते. दुर्बिणीतून बघणाऱ्याला आपण स्फेनॉइडमध्येच पोचलो, असं वाटू शकतं. सीटीच्या उभ्या कापात मात्र मधली आडवी भिंत उघड दिसते.

तेव्हा रिपोर्टमधला उल्लेख म्हणजे आजार नव्हे. ‘डिहिसन्स’, म्हणजे नसेवर हाड नाही, असं लिहिलं असलं तरी लगेच धसका घेऊ नका. हाड फारच पातळ असेल तर सीटीत ते नसल्यासारखं भासतं. सर्जन तिथे हाड नाही असंच धरून चालतात, आणि तेच बरं. ऑपरेशनला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नव्हे, सीडीही बरोबर न्या. सर्जनना काप स्वतः बघायचे असतात.